आधी कान, मग डोळे : दोडामार्गची राई मुंबईच्या खोलीत कशी आणावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही सावंतवाडी-दोडामार्गकडचे सात-आठ जण, आता मुंबईत नोकरीला. दादरजवळच्या एका शाळेचा ३० बाय २० फुटांचा हॉल दिवाळीनंतर तीन महिने मिळतोय. हेवाळे-बांबर्डेची रानजायफळाची राई मुंबईकरांना 'अनुभवायला' द्यायची आहे. सहा लाख जमलेत. डोळ्यांवर चढवायचे दहा व्हीआर हेडसेट, ३६० अंशांचा व्हिडिओ, धुकं सोडणारा फॉगर आणि फायबरची झाडं असा बेत आहे. सुरुवात कुठून करावी?"

हेडसेटपासून तर नक्कीच नको. पैशांचा हिशोब पुढे येईलच, पण खरं कारण पैशांचं नाही.

तिलारीच्या बाजूने दोडामार्गात शिरताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरवंच हिरवं दिसतं. मुंबईचा पाहुणा गाडीची काच खाली करतो आणि म्हणतो, "काय जंगल आहे हो तुमच्याकडे!" तो ज्या डोंगराकडे बोट दाखवत असतो तो कित्येकदा रबराचा असतो. सारख्या अंतरावर लावलेली एकाच वयाची झाडं, खोडावर तिरका छेद, खाली चीक गोळा करायची वाटी. पलीकडे काजू, त्याच्या पलीकडे अननस. ड्रोनमधून पाहा नाहीतर उपग्रहातून, रंग एकच. म्हणजे तुम्हाला ज्या धोक्याबद्दल बोलायचं आहे, तो फोटोत येतच नाही. मग ३६० अंशांत फोटो काढला म्हणून तो कसा येणार?

अमेरिकेतले ध्वनिमुद्रक बर्नी क्रॉस यांनी १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात, लिंकन मेडो नावाच्या कुरणाकाठी पहाटेचा आवाज टिपला. नंतर तिथे 'निवडक' वृक्षतोड झाली. सगळी झाडं कापायची नाहीत, मधली-मधली घ्यायची, त्यामुळे जंगलाला काही होणार नाही, असं सांगितलं गेलं होतं. वर्षभराने ते त्याच दिवसांत, त्याच वेळी, तिथेच परत गेले. फोटो जवळपास सारखे आले. रेकॉर्डिंगमध्ये मात्र ओढा आणि एका सुतार पक्ष्याची ठकठक, एवढंच उरलं होतं. प्रदर्शनं उभारण्याच्या माझ्या वीस वर्षांच्या कामाला वळण देणारी गोष्ट कोणती असं विचारलंत, तर हीच.

तेव्हा तुमची खोली कानाभोवती बांधा. डोळ्यांना द्या, पण कमी आणि उशिरा.

आता राईबद्दल. तुम्ही तिथलेच आहात, पण मुंबईकराला तुम्ही काय सांगणार हे आधी आपल्यात पक्कं व्हायला हवं. हेवाळे-बांबर्ड्याला जी झाडं आहेत ती जायफळाच्या कुळातली, मिरिस्टिका मॅग्निफिका जातीची. बाजारात रामपत्री मिळते ना, तिचं झाडही याच घराण्यातलं. यांचे पाय बारा महिने गोड्या पाण्याच्या चिखलात. त्या चिखलात हवा नसते, म्हणून मुळं वर येतात, गुडघ्यासारखी वाकतात आणि परत खाली जातात. हजारो गुडघे चिखलातून वर आलेले, मधून व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी झिरपतंय, असं ते दृश्य असतं. सालीला खाच पडली की लालसर चीक येतो. फळाचं बी मोठं असतं आणि धनेशासारखे मोठ्या चोचीचे पक्षी ते लांब नेऊन टाकतात. हे बी वाळलं की मेलं. गव्हा-तांदळासारखं ते थंड कोठारात वर्षानुवर्षं ठेवता येत नाही. म्हणजे राई गेली तर 'पुढे कधीतरी परत लावू' ही सोयही नाही. पाणी, सावली, चिखल आणि पक्षी या चारही गोष्टी जागच्या जागी असल्या तरच ती राहते.

केरळ, कर्नाटकात अशा राया थोड्या अधिक आहेत, गोव्यात सत्तरीत बांबरची निरंकाराची राई आहे, आणि महाराष्ट्रात ही. जैविक विविधता कायद्याखाली तिला वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे. क्षेत्र २.५९ हेक्टर. हा आकडा मुंबईकराच्या डोक्यात असाच शिरणार नाही. त्याला सांगा की ही राई शिवाजी पार्कच्या पाव भागाहूनही लहान आहे. किंवा तुमच्याच हॉलचं माप धरा: ६०० चौरस फुटांची खोली. अशा सुमारे ४६५ खोल्या झाल्या की राई संपली. मी तुमच्या जागी असतो तर बाहेरच्या भिंतीवर ४६५ बारीक चौकोन आखून त्यातला एक रंगवला असता. त्याखाली ओळ लिहायची गरज नाही. लोक विचारतात. विचारलं की तिथे उभ्या असलेल्या तुमच्यातल्या कुणीतरी सांगायचं.

पहिलं काम मात्र मुंबईत नाही, गावात आहे. ती राई देवाची आहे. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हा अभ्यासकांचं लक्ष तिकडे गेलं. गावाला ते शिकवावं लागलं नव्हतं. राईतली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा नियम कुठल्याही अधिसूचनेपेक्षा जुना आहे. तेव्हा माईक घेऊन थेट आत शिरू नका. मानकऱ्यांना भेटा, ग्रामपंचायतीला भेटा, गावच्या जैवविविधता समितीला आणि वनखात्याला लेखी कळवा, आणि गाव म्हणेल तर देवाला कौल लावा. माझ्या एका कामात कौल मिळाला नाही. दोन महिने थांबलो. तेव्हा चिडलो होतो. त्या दोन महिन्यांत गावातल्या बायकांनी मला पाणी कुठून येतं, कुठे मुरतं, कुठला व्हाळ कुठल्या साली आटला हे दाखवलं. त्या प्रदर्शनाचा सगळा कणा त्यातूनच निघाला.

गावाशी बोलताना तीन गोष्टी कागदावर आणा: जो बोलेल त्याला मानधन, सगळ्या मूळ रेकॉर्डिंगची एक प्रत गावाकडे, आणि गाव 'हे दाखवू नका' म्हणेल ते दाखवायचं नाही. शिवाय फोटोंच्या फायलीत फोन गुपचूप जागेचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो, ते पुसल्याशिवाय एकही फोटो बाहेर जाऊ देऊ नका. राईचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण खवल्या मांजराचं बीळ किंवा धनेशाची ढोली नेमकी कुठे आहे, ते कुणाला कळण्याचं कारण नाही.

रेकॉर्डिंगला महागडं सामान लागत नाही. ऑडिओमॉथसारखी काड्यापेटीएवढी दोन यंत्रं घ्या आणि गावाने दाखवलेल्या जागी दोन-तीन दिवस चोवीस तास चालू ठेवा. हे पाहणीपुरतं. त्यावरून कळेल की कुठला तास भरलेला आहे. बहुतेक वेळा तो पहाटेचा असतो, पण पावसाळ्यात अंधार पडल्यानंतरचा अर्धा तास बेडकांचा, आणि तो काय असतो हे तुम्ही लहानपणी ऐकलेलं आहे. मग त्या तासाला स्वतः जा. चार साधे बरे माईक, चार कोपऱ्यांत, एकमेकांपासून आठ-दहा मीटरवर. सुरुवातीला मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा, म्हणजे पुढे चारही फायली जुळवता येतील. नंतर हलू नका. खोकला आला तर येऊ द्या, पुसता येतो. अंगावरच्या रेनकोटची करकर पुसता येत नाही, म्हणून सुती घाला. जळवांसाठी मीठ-तंबाखूची पुरचुंडी लागेलच, आणि माईकच्या डब्यात सिलिकाच्या पुड्या टाका, नाहीतर श्रावणात सगळं बुरशी धरेल.

हे चार माईक पुढे खोलीतल्या चार कोपऱ्यांतले स्पीकर होतात. गोलाकार ध्वनीचं मोठं शास्त्र आहे, त्यासाठीचे खास माईकही मिळतात. ते चांगलेच आहेत. पण ३० बाय २० च्या खोलीत, जिथे माणसं मध्यभागी न बसता इकडेतिकडे बसणार आहेत, तिथे हा गावठी उपाय जास्त खरा वाटतो. डावीकडून आलेला पक्षी डावीकडूनच येतो.

आणि कृपा करून इंटरनेटवरचा 'फॉरेस्ट साउंड' एक सेकंदही वापरू नका. हे सांगायचा अधिकार मला आहे, कारण मी तो गुन्हा केलेला आहे. सुरुवातीच्या काळात एका प्रदर्शनासाठी आम्ही पहाटेचं रेकॉर्डिंग केलं होतं, ते मधे तुटक होतं. मी तयार आवाजांच्या संग्रहातून तीन मिनिटं घालून ते शिवलं. शहरात कुणाला कळलं नाही, सगळे वाहवा म्हणाले. मग गावातल्या एक आजी आल्या. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "ह्या पाखरू आमच्या राईतला न्हय." मी घरी येऊन तपासलं. ते पाखरू आशियातलंसुद्धा नव्हतं, दक्षिण अमेरिकेतलं होतं. आजींनी प्रदर्शनाला पुन्हा काही नावं ठेवली नाहीत, पण नंतर कशाला चांगलंही म्हटलं नाही.

आता खोली. शाळेचा हॉल म्हणजे चार गुळगुळीत भिंती, फरशी आणि लोखंडी पंखे. टाळी वाजवून बघा, घणघणेल. अशा खोलीत जगातलं उत्तम रेकॉर्डिंगसुद्धा रेल्वे स्टेशनसारखं ऐकू येतं. त्यामुळे तुमच्या सहा लाखांतला पहिला खर्च जाड पडदे, काथ्याच्या चटया आणि गोणपाट यांवर. भिंतीपासून वीतभर सोडून दुहेरी गोणपाट लावलं की खोली गप्प होते. गोणपाट आणि काथ्या पेट घेतात, म्हणून त्यावर आगरोधक द्रावण मारून घ्या, दोन दारं उघडी राहतील असं बघा, आणि बाहेरची वाट दाखवणाऱ्या दिव्यावर पडदा टाकू नका. अंधाराचा विचका होतो म्हणून हा दिवा झाकणारे डिझायनर मी पाहिलेत. त्यांना कामावर ठेवू नका.

एसीचं काय करायचं, हा खरा पेच. रात्री वारा पडला असेल तर राईत आवाजाची पातळी ३०-३५ डेसिबलपर्यंतही येऊ शकते. खिडकीतला एसी एकटाच पन्नासच्या पुढे जातो. म्हणजे पान पडल्याचा, पाणी थेंबल्याचा, लांबच्या बेडकाचा, सगळे बारीक आवाज एसी खाऊन टाकतो, आणि मग तुम्ही व्हॉल्यूम वाढवता, आणि जंगल लाउडस्पीकरसारखं वाजू लागतं. दिवाळीनंतरचे महिने आहेत, हवा बरी असते. दोन खेळांच्या मध्ये दहा मिनिटं एसी लावून खोली गार करा, खेळ चालू असताना बंद. एका वेळी बाराच माणसं घ्या, म्हणजे गुदमरणार नाही.

प्रत्येक कोपऱ्यात दोन, असे स्पीकर आठ घ्या. चार जमिनीलगत, चार वर छताजवळ. बेडूक, पाणी, किडे खालून, पक्षी आणि शेकरू वरून. आवाज वरून येतोय की खालून, हे कानाला जाणवतं. सिकाडाची, म्हणजे झाडावर बसून ओरडणाऱ्या किड्याची, किरकिर गुडघ्याच्या उंचीवरून आली तर ऐकणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येणार नाही, पण खोटं वाटेल. सबवूफर, म्हणजे धमधमणारा खर्ज काढणारा स्पीकर, नको. मेघगर्जना सोडली तर राईत छाती हादरवणारं फारसं काही नसतं. सिनेमावाल्या मित्राने आग्रह केला तरी नको. एक अपवाद आहे: मोठा धनेश डोक्यावरून उडत गेला की पंखांचा घुर्र-घुर्र आवाज वाफेच्या इंजिनासारखा येतो, आणि तो मिळाला असेल तर तो वरच्या चार स्पीकरांमधून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊ द्या. एकदाच. दुसऱ्यांदा वापरलात की तो खेळणं होतो.

दारातच चपला काढायला लावा. यात देखावा काही नाही, अनेक देवरायांत तसंच जातात, आणि अनवाणी माणूस आपोआप हळू चालतो. चपलांबरोबर फोनही तिथेच, कापडी पिशवीत. मग एक अंधारा बोळ, दोन वळणांचा, निदान तीन मिनिटं चालायला-थांबायला लागेल असा. सदाहरित जंगलात जमिनीपर्यंत उन्हाचे शेकडा एक-दोन भागच पोहोचतात. दादरच्या दुपारच्या उन्हातून थेट तेवढ्या प्रकाशात आलेल्या माणसाला काहीच दिसत नाही. डोळे पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो, आपल्याकडे तेवढा वेळ नाही, पण तीन-चार मिनिटांतही बराच फरक पडतो. बोळात पायाखाली आधी काथ्या, मग जांभ्याच्या फरश्या. जांभा ओलसर हवा, ओला नको. खाली भिजवलेलं गोणपाट ठेवलं की पुरे. पाणी आणि वायरिंग एकाच खोलीत असणार, तर गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवल्याशिवाय चाचणीसुद्धा करू नका.

फॉगर रद्द. त्याचं पाणी रोज बदललं नाही तर त्यात जंतू वाढतात आणि तेच धुक्यातून थेट फुप्फुसात जातात. शिवाय फॉगर दिसला की लोकांना लग्नाचा हॉल आठवतो. ओल्या मातीचा वास हवा असेल तर जांभा आणि चार मातीची मडकी तो देतात. पालापाचोळा आणायचा झाला तर तुमच्या परसातला आणा, राईतला नको. नियम आठवतोय ना? आणलेला पाचोळा कडक उन्हात वाळवून घ्या, नाहीतर पंधरा दिवसांत बुरशी धरेल आणि दम्याची मुलं आजारी पडतील.

फायबरची झाडंही रद्द. एका संग्रहालयासाठी आम्ही भलामोठा फायबरचा वड केला होता, बजेटचा मोठा हिस्सा त्यात गेला. पहिल्याच दिवशी मुलांनी त्यावर बोटांनी टकटक केली, आतून पोकळ आवाज आला, आणि पुढचे सहा महिने त्या वडाचं काम एकच उरलं: त्याच्यासमोर फोटो काढणं. तुम्हाला झाड लागतच नाही. एक गुडघा लागतो. एकच मूळ, चिखलातून वर येऊन वाकलेलं, खऱ्या मापाचं, काथ्या आणि कागदाच्या लगद्याचं, बोळाच्या शेवटी हात लागेल अशा उंचीवर. अंधारात हाताला लागतं, काय आहे कळत नाही, माणूस चाचपत राहतो. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी करणाऱ्या हातांना हे काम सांगा. खऱ्या मुळाचा छाप घ्यायला मात्र राईत जाऊ नका, फोटो आणि मोजमापं पुरतील.

उजेडासाठी प्रोजेक्टर असावा असं सगळ्यांना वाटतं. स्वस्त प्रोजेक्टरचा काळा रंग काळा नसतो, राखाडी असतो. अंधारी राई त्यावर धुरकट दिसते. त्याऐवजी कुडाळजवळच्या पिंगुळीला जा. तिथल्या ठाकर समाजाकडे चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगायची कला, आहे, आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळही आहे. याच परंपरेतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पातळ चामड्याला भोकं पाडून त्यामागे दिवा ठेवला की जो कवडसा पडतो, तो पानांमधून येणाऱ्या उन्हाच्या फार जवळ जातो, कारण दोन्हीकडे घडतं एकच: बारीक भोकातून उजेड. तिथल्या कारागिरांकडून पानांच्या जाळीचे आठ-दहा पडदे करून घ्या, मागे मंद पिवळे दिवे, आणि पडदे पंख्याच्या अगदी हलक्या वाऱ्यावर हलू द्या. त्यांना कथा सांगायला बोलवायचं असेल तर वेगळं बोलवा, पूर्ण बिदागी देऊन. त्यांची कला आपल्या राईची सजावट नाही.

आता मधली गाभ्याची गोष्ट. खेळ अठरा मिनिटांचा धरा. तीन मिनिटं बोळ. मग माणसं चटईवर बसतात आणि नऊ मिनिटं राई ऐकतात. निवेदन नाही, संगीत नाही, बासरी तर मुळीच नाही. पहिल्या दोन मिनिटांत लोक चुळबुळ करतील, कुणीतरी हसेल. चौथ्या मिनिटाला खोली शांत होते. हे दर वेळी होतं, घाबरून मधे काही घालू नका. नऊ मिनिटं झाली की एक सेकंद पूर्ण शांतता, आणि मग रबराच्या बागेचं रेकॉर्डिंग. त्याच आठवड्यातलं, त्याच वेळेचं, तेच माईक, तेवढंच अंतर, आवाजाची पातळी जशी टिपली तशीच. उजेड बदलायचा नाही. पानांचे कवडसे तसेच हलत राहतील.

इथे बहुतेक डिझायनर हळूहळू विरत जाणारा आवाज वापरतात, एकेक पक्षी कमी होत जातो, शेवटी एकच उरतो वगैरे. मला ते रडगाणं वाटतं. झटकन तोडलं की माणूस आजूबाजूला बघतो. दिसायला सगळं तेच आहे. मग काय बदललं, हे तो स्वतः शोधतो, आणि ज्या माणसाने स्वतः शोधलं त्याला पुढे पटवावं लागत नाही. पण प्रामाणिकपणा इथेच सांभाळावा लागेल. रबराच्या बागेतही काही पक्षी असतील, ते काढून टाकू नका. चीक काढायला भल्या पहाटे आलेल्या मजुराच्या पावलांचा, सुरीचा आवाज असेल, तोही राहू द्या. राईचा आवाज थोडा वाढवला, बागेचा थोडा कमी केला, की ते प्रदर्शन न राहता जाहिरात होते आणि एखादा जाणकार ते पकडतोच. दोन्ही रेकॉर्डिंगची तारीख, वेळ आणि माईक बाहेरच्या फलकावर लिहा.

शेवटच्या तीन मिनिटांत माणसांचे आवाज. मालवणीत. पुण्या-मुंबईच्या निवेदकाकडून वाचून घेऊ नका, आणि मालवणी मुंबईकराला कळणार नाही या भीतीने भाषांतर वर चढवू नका, कळतं. माझी निवड विचाराल तर सुरुवात गाऱ्हाण्याने, म्हणजे गावाने मिळून देवापुढे घातलेल्या मागण्याने. "बा देवा म्हाराजा..." आणि मागून गावाचं "व्हय म्हाराजा!" दादरच्या त्या खोलीत बसलेल्या बाराजणांतले चार तरी कोकणातले निघतील आणि त्यांच्या तोंडून आपोआप "व्हय म्हाराजा" जाईल. अर्थात, देवळातलं खरं गाऱ्हाणं टिपायचं की या कामासाठी वेगळं घालायचं, हे गावकरच ठरवतील.

त्यानंतर ज्याने जमीन रबराला दिली त्याचाही आवाज हवा. त्याला खलनायक करू नका. २००२ पासून कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात उतरतात. केळी, माड, भात एका रात्रीत जातं, आणि भरपाईच्या कागदावर सही व्हायला किती खेपा पडतात हे तुमच्याच घरात कुणीतरी सांगेल. त्या माणसाला वर्षाकाठी ठरलेला पैसा देणारं पीक मिळालं, तर तो काय करणार? मुंबईत बसून 'जंगल वाचवा' म्हणणाऱ्या प्रेक्षकाला हे ऐकताना जरा अवघडलं पाहिजे. खोलीतून फक्त हळहळत बाहेर पडणं फार सोपं असतं.

कायदेशीर बाबी आत नकोत, बाहेरच्या एका फलकावर येऊ द्या. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात घातलेली वृक्षतोडबंदी, २०२० मध्ये जाहीर झालेलं २९.५३ चौरस किलोमीटरचं तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र, २०२१ च्या जुलैत कळणे गावात खाणीचा बांध फुटून घरांत शिरलेला गाळ. चार-पाच ओळी, तारखांसह. ज्याला पुढे शोधायचंय तो शोधेल.

काही जण तुम्हाला ऑस्ट्रियाचं उदाहरण देतील. क्लागेनफुर्टच्या फुटबॉल स्टेडियममध्ये २०१९ साली क्लाऊस लिटमन यांनी २९९ मोठी झाडं उभी केली होती, आणि लोक गॅलरीत बसून मैदानातलं जंगल बघायचे. कल्पना भन्नाट होती, आणि आत पाऊल टाकता येत नव्हतं हेच मला त्यातलं सगळ्यात चांगलं वाटलं. पण ते कुठल्याही एका खऱ्या जंगलाबद्दल नव्हतं. तुमच्याकडे नाव-गाव असलेली राई आहे. तिचं मोठं दृश्य करायला जाऊ नका, तेवढे पैसेही नाहीत आणि ती राईही तेवढी मोठी नाही.

आता हेडसेटचा हिशोब. दहा हेडसेट घेतलेत की निम्म्याहून अधिक पैसे तिथेच गेले. प्रत्येक वापरानंतर पुसायचे, चार्ज करायचे, चष्मेवाल्यांना बसत नाहीत, काहींना गरगरतं, आणि लहान मुलांना देऊ नका असं बनवणारेच सांगतात. शाळेचा हॉल आहे, तर तुमचे निम्मे प्रेक्षक मुलंच असणार. मुख्य म्हणजे हेडसेट घातलेली दहा माणसं एका खोलीत असूनही एकेकटी असतात. एक हेडसेट मात्र ठेवा, बाहेर, खुर्चीपाशी. ज्या आजोबांना अंधाऱ्या बोळातून चालणं, जमिनीवर बसणं जमत नाही, त्यांच्यासाठी. त्यांनाही कानात तेच नऊ मिनिटांचं रेकॉर्डिंग.

बाहेर पडल्यावर वहीत 'अभिप्राय' मागू नका. "अप्रतिम!", "डोळ्यांत पाणी आलं" यापलीकडे त्यात काही मिळत नाही. एकच प्रश्न विचारा: तुमच्या गावाकडचा, आता ऐकू न येणारा एक आवाज कोणता? पोस्टकार्डावर लिहू द्या आणि दोरीवर टांगा. एका ठिकाणी आम्ही हे केलं तेव्हा तिसऱ्या दिवशी दोरी पुरेना. लोकांनी पक्ष्यांची नावं लिहिली, मोटेचा आवाज लिहिला, एकाने आईच्या जात्याचा लिहिला. ती पोस्टकार्डं शेवटी गावी नेऊन वाचून दाखवा.

आणि मुंबईत उघडण्याआधी पहिला खेळ गावात, देवळाच्या सभामंडपात, चार स्पीकरांवर का होईना. तिथले लोक जे चुकीचं दाखवतील ते दुरुस्त करून मगच दादर.

वेळ कमी आहे. मृगाचा पहिला पाऊस चुकवू नका, तो या वर्षी परत येणार नाही. धनेशाचा विणीचा काळ आणि एप्रिल-मेमधल्या सिकाडा आता हातून गेल्या असतील, तर त्या नाहीत असं फलकावर सरळ लिहा, दुसरीकडून आणू नका. पहिलं पहाटेचं रेकॉर्डिंग झालं की एक तास, न कापता, खोकल्यासकट मला पाठवा. स्पीकर कुठे टांगायचे ते त्यावरून सांगतो. हेडसेटची ऑर्डर दिली असेल तर आजच फोन करा, पाठवायच्या आधी रद्द होते.